मीटर फळीवर, कोळंबी तळाशी: एका तळ्यातल्या प्राणवायूचं प्रकरण

फोन पहाटे पाच चाळीसला आला. "कोळंबी कडेला आलीय. गवताला धरून बसलीय. काही तर पाण्याबाहेर." राखणदाराचा आवाज. मी एवढंच विचारलं, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) चालू आहेत का? "पाचलाच लावले, रोजच्यासारखे."

रोजच्यासारखे, हा शब्द तेव्हा कानावरून गेला. पुढे आठवडाभर त्याच शब्दाभोवती सगळं फिरलं, म्हणून नोंद इथूनच सुरू करतोय. तळं कुणाचं, कुठलं, हे इथे महत्त्वाचं नाही.

तळं ४,००० चौरस मीटरचं. सरासरी खोली १.२ मीटर. पाणी आत येतं त्या टोकाला कंबरेच्याही खाली, आणि पाणी बाहेर जातं त्या मोरीकडच्या टोकाला १.६ मीटर. मोरीजवळ एक लाकडी फळी पाण्यावर पुढे काढलेली; खाद्य टाकणं, खाद्य उरलं का ते पाहायचा ट्रे तपासणं, प्राणवायूचा मीटर बुडवणं ही सगळी कामं त्या फळीवरून. १६,००० पिल्लं सोडलेली, पाचवा महिना चालू. कोळंबी गोड्या पाण्यातली मोठी जात, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. एक अश्वशक्तीचे दोन चाकाचे एरेटर होते आणि दोन्ही उथळ टोकाला, शेजारी शेजारी. का? तर वायर तिथपर्यंतच पोचत होती. पुढचं बरंचसं प्रकरण या वायरीत आहे, पण ते मला नंतर कळलं.

मी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. आभाळ चौथ्या दिवशीही भरलेलंच, रात्री एक सर पडून गेलेली. पाण्याचा रंग आदल्या आठवड्यात गडद हिरवा होता, आता त्यात राखाडी छटा आली होती.

कडेला वाकून एक कोळंबी जवळून पाहिली. अर्धी पाण्यात, अर्धी ओल्या गवताच्या मुळांवर. मिशा मागे पडलेल्या. एरवी पाण्यात नुसती सावली पडली तरी ती शेपटी आपटून मागच्या मागे उडते; इथे बोट पाठीवर टेकवलं तरी हलली नाही. फक्त कल्ल्यावरच्या झाकणाच्या पुढच्या फटीतून पाणी थरथरत बाहेर येत होतं, भराभर. त्या झाकणाच्या आत एक पातळ पट्टी वल्ह्यासारखी हलून कल्ल्यांवरून पाणी ओढत असते. प्राणवायू कमी पडला की कोळंबी आधी हे वल्हं जोरात मारते. म्हणजे प्राणवायू कमी असतानाच तो मिळवायचा खर्च वाढतो. गुदमरताना धावावं लागण्यासारखं आहे ते.

मेलेल्यांपैकी एकीचा पाय मोडून पांढऱ्या बशीत थेंब पाडला. जवळजवळ पाण्यासारखा. मिनिटभराने हवा लागून त्यात निळसर झाक आली. कोळंबीच्या रक्तात लोह नसतं, तांबं असतं. प्राणवायू धरला की ते रक्त निळं दिसतं, सोडला की बिनरंगी. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, यावरून निदान करू नये. पण मालक शेजारी उभे होते, आणि "पाण्यात काहीतरी विषारी उतरलंय, पावसातून आलं असणार" असं त्यांचं चाललं होतं. थेंब निळा होताना त्यांनी पाहिला आणि पहिल्यांदा गप्प झाले.

मीटर लावला. फळीवरून हातभर खोलीला १.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. तळ्यावर आपण त्यालाच पीपीएम म्हणतो. मग तार सोडत गाळाच्या वीतभर वरपर्यंत नेली: ०.६. उथळ टोकाला, एरेटरच्या फेसाजवळ: २.६. कोळंबी जिथे जमली होती ती जागा आणि मीटरचा सगळ्यात चांगला आकडा, दोन्ही एकच. तिला मीटर लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेत या जातीसाठी ३ ते ७ ही चांगली मर्यादा दिलेली आहे. २ ला ताण, १ ला जीव धोक्यात. आकडे बरोबर आहेत, वापरावेतही. पण लोक ते कड्याच्या टोकासारखे वाचतात: २.१ ला सगळं ठीक, १.९ ला संकट. प्रत्यक्षात पाणी किती गरम, ही अवस्था किती तास टिकली आणि कोळंबी कात टाकायच्या किती जवळ आहे, यावर सगळं ठरतं. गरम पाण्यात दुहेरी मार बसतो. २५ अंशाला गोडं पाणी हवेतून जास्तीत जास्त ८.३ च्या आसपास प्राणवायू धरतं, ३० ला ७.६, ३२ ला ७.३. आणि त्याच गरमीत कोळंबीची भूक, हालचाल, श्वास सगळं वाढतं. पाकीट लहान होतं आणि खर्च वाढतो.

आता त्या सकाळी आम्ही काय केलं. सगळंच बरोबर केलं असं नाही.

खाद्य बंद, हे लगेच. मोरीची तळाकडची फळी काढून खालचं पाणी सोडलं आणि वरून नवीन पाणी घेतलं. ते पाणी बोअरचं. जमिनीखालच्या पाण्यात बहुतेक वेळा प्राणवायू नसल्यातच जमा असतो, त्यामुळे ते पाइपातून थेट तळ्यात सोडणं म्हणजे तहानलेल्याला रिकामा तांब्या देणं. आम्ही पाइपच्या तोंडाशी भोकं पाडलेला पत्रा आडवा लावला, खाली दगड रचले, पाणी फुटून-शिंपडून आत गेलं. यात फारशी अक्कल नाही, पण घाईत लोक हेच विसरतात.

मग चूक झाली. एक एरेटर सोडवून, वायरीला तुकडा जोडून, खोल टोकाकडे आणला आणि चालू केला. पाच मिनिटांत पाणी काळपट झालं, सडक्या अंड्याचा वास उठला. चाकाने गाळ ढवळला होता. असा काळा गाळ म्हणजे प्राणवायूची उधारी साठवलेली वखार. ढवळला की तो एकदम वसुलीला येतो, आणि त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात मिसळतो तो वेगळाच. एरेटर बंद केला, दहा-बारा मीटर अलीकडे, कडक तळावर, ओढून घेतला. त्या वीस मिनिटांनी किती कोळंबी नेली ते मला सांगता येणार नाही. शून्य नक्की नसेल.

गोदामात सोडियम परकार्बोनेटचं १० किलोचं पोतं होतं. मालक म्हणाले, सगळ्या तळ्यात फेकू. कागदावर हिशेब मांडला. तळ्यात पाणी ४,८०० घनमीटर. त्यात १ मिलिग्रॅम वाढवायला ४.८ किलो प्राणवायू लागतो. त्या पावडरीतून वजनाच्या साधारण १३ टक्के प्राणवायू सुटतो, म्हणजे ३७ किलो पावडर. दहा किलोने सगळ्या तळ्याला पाव मिलिग्रॅम मिळाला असता. म्हणून ती फक्त कडेच्या पट्ट्यात, जिथे कोळंबी जमली होती तिथेच टाकली. तिथे तिचा उपयोग झाला असावा.

पोटॅशियम परमँगनेटची बाटलीही बाहेर निघाली होती. ती परत ठेवायला लावली. पाणी जांभळं झालं की प्राणवायू मिळाला, असा एक समज आहे. त्यातून पाण्याला कामापुरता प्राणवायू मिळत नाही, उलट शेवाळ मारलं जातं, आणि मेलेलं शेवाळ कुजायला आणखी प्राणवायू खातं. चुन्याचं पोतंही परत ठेवलं. चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूपात जातो. आधीच दम लागलेल्या प्राण्यावर ते नको.

नऊच्या सुमारास ढग थोडे फाटले. अकराला फळीवरचा आकडा ३.८ वर आला, कडेच्या कोळंब्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. पहिल्या दिवशी २१४ मेलेल्या गोळा केल्या, पुढच्या दोन दिवसांत ९६. तळाशी राहिलेल्या आणि बाकीच्यांनी खाल्लेल्या वेगळ्या. हा आकडा नेहमीच कमी असतो.

त्या २१४ एका ताडपत्रीवर पसरून दाबून पाहिल्या. निम्म्याहून जास्त मऊ कवचाच्या. नुकती कात टाकलेल्या किंवा टाकता टाकता अडकलेल्या. कात टाकताना बाहेरचं कवचच नाही, कल्ल्यांवरचं पातळ आवरणसुद्धा बदलतं. त्या काळात प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि अंगात चालून कडेपर्यंत यायचं बळ नसतं. कडक कवचाची कोळंबी चालत कडेला येते, मऊ कोळंबी आहे तिथेच, तळाच्या ०.६ मध्ये पडून राहते. मर कधीच सगळ्यांवर सारखी पडत नाही.

दुपारी राखणदाराची वही घेऊन बसलो. वही नीट ठेवलेली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रकरणात "नोंदीच नव्हत्या" हे वाक्य फार सोपं असतं. इथे रोज सकाळी दहाचं माप होतं: ५.४, ५.९, ५.७, ६.१. ढग आल्यावरच्या शेवटच्या दोन दिवसांचे ४.८ आणि ४.१. मालक म्हणाले, "बघा, प्राणवायू तर कायम चांगला होता."

त्याच वहीत, पण दुसऱ्या रकान्यांत, वेगळी गोष्ट लिहिलेली होती. पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला सरासरी वजन २८ ग्रॅम, पंधरा दिवसांनी २९.५. या वयात पंधरा दिवसांत दीड ग्रॅम म्हणजे कोळंबी नुसती जगत होती. खाद्य मात्र रोज १३ किलो. ट्रेच्या रकान्यात "थोडं उरलं", "उरलं", आणि शेवटच्या दोन दिवशी "अर्धं उरलं". भूक मेली की समजावं, मीटर काहीही म्हणो. तिसऱ्या ढगाळ संध्याकाळीही ठरल्याप्रमाणे ९ किलो पडलं होतं. एक किलो खाद्य पोटात जाऊन किंवा न जाता, शेवटी पचून-कुजून, ढोबळमानाने किलोभर प्राणवायू मागतं. रोजच्या १३ किलोचं देणं या तळ्यात दर लिटरला अडीच-तीन मिलिग्रॅम होतं. ऊन असलं की शेवाळ ते फेडतं. तीन दिवस ऊन नव्हतं.

सहा दिवसांनी आभाळ मोकळं झालं, पाणी पुन्हा हिरवं झालं, तेव्हा दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत दर चार तासांनी माप घेतलं. एरेटर मुद्दाम बंद ठेवले, पण राखणदाराला बटणाजवळ बसवून: कोळंबी कडेला दिसली की लगेच चालू करायचं. मीटरच्या तारेला बांबू बांधला. वरचं माप हातभर खोलीला, खालचं गाळाच्या वीतभर वर, दोन्ही फळीवरूनच.

| वेळ | वर | तळाशी |
|---|---|---|
| दुपारी २ | १०.८ | ३.१ |
| संध्याकाळी ६ | ९.६ | २.७ |
| रात्री १० | ६.९ | २.२ |
| रात्री २ | ४.६ | १.९ |
| सकाळी ६ | २.८ | १.३ |
| सकाळी १० | ५.७ | १.८ |

शेवटची ओळ पाहा. सकाळी दहा, वर ५.७. वहीतला रोजचा आकडा. तो आकडा खोटा नव्हता. त्याच क्षणी, त्याच जागी, मीटरभर खाली १.८ होता, आणि कोळंबी खालीच राहते. ती मासा नाही. पाण्याच्या मध्यात तरंगत नाही, तळावर चालते, तळावर खाते, तळावर कात टाकते. मासा गुदमरला की वर येऊन तोंड उघडतो आणि दिवसाढवळ्या दिसतो. कोळंबी अगदी शेवटी कडेला येते, तोवर काही दाखवत नाही. या तळ्यातली खोल भागातली कोळंबी चांगल्या, उन्हाच्या दिवशीसुद्धा संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत ३ च्या खाली राहत होती. ती काळरात्र एकाएकी आलेली नव्हती. आठवड्यानुआठवडे चालू होतं, त्या पहाटे फक्त दिसलं.

वर आणि खाली एवढा फरक का, तर दुपारी वरचं पाणी ३२.५ अंश होतं आणि खालचं २८.५. गरम पाणी हलकं, ते थंड पाण्यावर तरंगत राहतं, दोन थर मिसळत नाहीत. दाट हिरव्या पाण्यात ऊन खाली पोचत नाही, त्यामुळे प्राणवायू बनतो तो वरच्या थरातच. सेक्की डिस्क, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चकत्यांची ती दोरीला बांधलेली थाळी, १८ सेंटिमीटरला दिसेनाशी झाली. ती साधारण २५ ते ४० ला दिसेनाशी व्हावी. १०.८ चा आकडा पाहून मालक खूश झाले होते. ३२ अंशाला पाणी ७.३ च धरतं, तेव्हा वरचा साडेतीन हा हवेत उडून जायला निघालेला माल आहे. खाली कोळंबी ३.१ वर आणि वर प्राणवायू आभाळात चाललाय, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

पावसाबद्दल मालकांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, फक्त आरोपी चुकला होता. पावसात विष नसतं. पण रात्रीच्या सरीने आणि वाऱ्याने वरचा थर थंड केला, तो जड होऊन खाली गेला, आणि तळाचं उधारीत बुडालेलं पाणी वर मिसळलं. तीन ढगाळ दिवसांनी वरच्या थरातही शिल्लक फारशी नव्हती. एरवी खाली दडलेलं देणं सगळ्या तळ्यावर वाटलं गेलं. सर नसती तर कदाचित त्या रात्री टळलं असतं. पुढच्या रात्रीचं सांगता येत नाही.

मीटरवर माझाही पूर्ण विश्वास नव्हता. त्याच्या टोकावरचा पातळ पडदा जुना होता. म्हणून विंकलरच्या पद्धतीने पडताळा घेतला. १८८८ सालची पद्धत, अजून तिला तोड नाही. बाटलीत पाणी बुडबुडा न येऊ देता भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकायचं, झाकण लावून उलटसुलट करायचं. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. दुपारी दोनची वरची बाटली आणि सकाळी सहाची तळाची बाटली, दोन्ही सकाळी फळीवर शेजारी ठेवल्या. एकीत ओल्या विटेसारखा गडद तपकिरी साका, दुसरीत मळकट पांढरा, त्यात जेमतेम पिवळसर झाक. पुढचं आम्ल आणि थायोसल्फेटचं मोजमाप मीटरशी जवळपास जुळलं, पण ते नंतरचं. मालकांनी दोन्ही बाटल्या उचलून उजेडाकडे धरल्या. "हे दोन्ही माझ्याच तळ्यातलं?" तक्ता त्यांनी रात्रभर माझ्याबरोबर बसून भरला होता, तरी तक्त्याने जे झालं नाही ते बाटल्यांनी केलं.

रात्री प्राणवायू कोण खातं, हाही वाद होता. मालकांचं म्हणणं, कोळंबी जास्त झाली. रात्री दहाला तीन बाटल्या वरच्या पाण्याने भरून, काळ्या कापडात गुंडाळून, तळ्यातच टांगल्या. तीन तासांत सरासरी १.१ उतरला, म्हणजे तासाला ०.३७. त्याच वेळी तळ्यात वरच्या थराचा उतार तासाला ०.५८ च्या आसपास होता. बाटलीत ना कोळंबी, ना गाळ. म्हणजे ढोबळमानाने दोन तृतीयांश प्राणवायू खुद्द ते हिरवं पाणीच खात होतं, शेवाळ आणि त्यातले जिवाणू. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात गाळ आणि कोळंबी दोघे आले. हवेतून होणारी देवाणघेवाण यात धरलेली नाही, म्हणून आकडा चोख नाही. पण कोळंबी निम्मी काढली तरी पहाट सुटली नसती, एवढं त्यातून ठरतं. दिवसा प्राणवायू देणारं शेवाळच रात्री सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असतं.

एरेटरचाही हिशेब झाला. तळ्यावरच्या परिस्थितीत असा एक एरेटर तासाला पाऊण किलोच्या आसपास प्राणवायू पाण्यात घालतो असं धरलं, तर दोन मिळून दीड किलो. ४,८०० घनमीटरला तो तासाला ०.३. उतार ०.५८ चा. म्हणजे दोन्ही एरेटर सगळं तळं वर उचलू शकत नाहीत, घसरण निम्म्यावर आणू शकतात. आणि घसरण थोपवायची तर ती सुरू होते तेव्हापासून चालवायला हवेत, पहाटे पाचला नाही. "पहाटे कमी होतो म्हणून पहाटे लावतो" हे ऐकायला बरोबर वाटतं. पण पाचला तळ रिकामा झालेला असतो, आणि सूर्य तासाभरात तेच काम फुकट करणार असतो.

बदल केले ते असे. वायर वाढवली. हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात किरकोळ काम, पाच महिने राहिलेलं. एरेटर समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरपे लावले, पाणी गोल फिरेल आणि खोल टोकाला ओढ लागेल असे, पण मऊ गाळापासून लांब. रात्री दहा ते सकाळी सात चालू. शिवाय दुपारी एकला. दुपारच्या या फेरीवर बरीच हुज्जत झाली: "दुपारी तर प्राणवायू उतू जातोय, मग वीज का जाळायची?" खरं आहे, १०.८ वर एरेटर चालवला तर वरच्या थरातला थोडा प्राणवायू उलट हवेत जातो. पण तो चालवायचा तो प्राणवायू घालायला नव्हे, तर वरचा माल खाली पोचवायला. फक्त एकदम तासभर नाही. पहिले तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं, तळाच्या मापावर नजर ठेवून. नाहीतर पावसाने जे रात्री केलं तेच आम्ही दुपारी केलं असतं.

खाद्य १३ वरून ९ किलोवर आणलं. संध्याकाळचा वाटा कमी केला, ढगाळ दिवशी निम्मं, आणि ट्रेमध्ये उरलं तर पुढची पाळी सोडायची. खत बंद केलं. दर दोन-तीन दिवसांनी तळाकडून थोडं पाणी सोडून नवं, फोडून घेतलेलं. दोन आठवड्यांत थाळी ३० सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली. कुणीतरी मोरचूद सुचवलं होतं. ते नको म्हटलं, कारण शेवाळ एका दिवसात मरतं आणि कुजायला लागतं, आणि तांबं कोळंबीला थेटही बाधतं. हिरवं पाणी उतरवायचं ते हळूहळू.

पंधराव्या दिवशी मोठ्या कोळंब्यांची निवडक काढणी केली. जाळं ओढायचं कधी, यावरही थोडं अडलं. उन्हाआधी, अगदी पहाटे, अशी पद्धत. पण तळाशी आकडा सगळ्यात कमी असतो तेव्हाच जाळ्याने गाळ ढवळायचा, हे मला पटेना. नऊनंतर, एरेटर चालू ठेवून, तळ ३ च्या वर असल्याची खात्री करून ओढलं.

महिन्याभरात सरासरी ३६ ग्रॅमवर गेली, तीही मोठ्या काढून घेतल्यावर. सकाळी सहाला तळाचं माप ३.४ च्या खाली गेलं नाही. हे सगळं प्राणवायूमुळेच झालं असं मी लिहिणार नाही. संख्या कमी झाली होती, दांडगे नर निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांची वाढ तशीही सुटते. पण ट्रे तिसऱ्याच दिवसापासून रिकामा येऊ लागला होता, काढणी व्हायच्या कितीतरी आधी.

वहीत रकाने बदलले: सहाचं माप तळाशी, संध्याकाळी सातचं आणि रात्री नऊचं वर. सात आणि नऊचे दोन बिंदू कागदावर मांडून रेघ सकाळी सहापर्यंत ओढायची, रात्री कुठे पोचणार ते झोपायच्या आधी दिसतं. ही रेघ जरा जास्तच घाबरवते, कारण पहाटेकडे उतार मंदावतो. आमच्याच तक्त्यात सहा आणि दहाच्या मापांवरून ओढली तर सकाळी दीड दाखवते, प्रत्यक्षात २.८ निघाला. त्या बाजूला चुकलेलं चालतं. राखणदार दोन दिवसांत शिकला, आणि चौथ्या दिवशी त्यानेच फोन करून सांगितलं की आज रेघ वाईट दिसतेय, दहाऐवजी आठलाच लावू का?

पीक संपल्यावर तळं रिकामं केलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. तळ बहुतेक जागी करडा, पायाखाली घट्ट. मोरीजवळ मात्र बारा-पंधरा पावलांचा काळाकुट्ट डाग, पाय घातला तर घोट्याच्या वर. उथळ टोकाच्या एरेटरांनी महिनोन्‌महिने ढकललेला गाळ आणि फळीवरून एकाच जागी पडणारं खाद्य, दोन्ही तिथे येऊन बसलेलं. डागाच्या मधोमध फळीचे खांब उभे होते. मीटर रोज सकाळी दहाला हातभर बुडायचा ती जागा याच्या बरोबर वर, तीन हात अंतरावर.